बांधाच्या अलीकडे गांजा, पलीकडे भाजी

अंबाडी म्हणजे गांजा नव्हे. एवढे एक वाक्य सरकारला पटवून देण्यासाठी मला, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, सोलापूरचे घर सोडून दौंड आणि शिरूर हे दोन तालुके पालथे घालावे लागले. वाचकहो, तुम्ही या वाटेला कधी गेला नसाल आणि जावे असे काही तिथे आहे असा माझा दावाही नाही. पण जे पाहिले ते लिहून ठेवले नाही, तर ज्यांनी ते केले त्यांचेच फावेल.

मी जिल्हा न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. तेव्हापासून वर्तमानपत्रांना पत्रे लिहितो. पोलिसांच्या पंचनाम्यांविषयी माझे एक पत्र छापून आले, ते दौंडच्या एका रेल्वे फिटरने वाचले आणि मला लिहिले: माझ्या बहिणीचे यजमान विश्वनाथ यांना बांधावर गांजा लावल्याच्या आरोपाखाली धरले आहे. ती गांजाची झाडे नव्हती, अंबाडी होती. ते येरवड्याला आहेत. पुढच्या सोमवारी पुण्याच्या विशेष न्यायालयात जामिनाची सुनावणी आहे. काही करता येईल का?

दसरा नुकताच झाला होता. मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीत बसलो.

दौंड

दौंड स्थानकावर उतरताच कायद्याचे पहिले दर्शन घडले. फलाटाच्या टोकाला पिंपळाच्या पाराशी भगव्या वस्त्रांतली तीनचार मंडळी बसली होती आणि चिलीम हातोहाती फिरत होती. वास ओळखण्यात चूक होण्याजोगे माझे नाक अजून गेलेले नाही. त्यांच्यापासून दोन हातांवर, बाकड्यावर टोपी काढून ठेवून, एक रेल्वे पोलीस शेंगदाणे सोलत होता.

"हे काय चालले आहे?" मी विचारले.

"बाबालोक हायेत," तो म्हणाला. "गाडीची वाट बघत्यात."

"ते ओढत आहेत तो गांजा आहे."

"आसंल की."

"अमली पदार्थांचा कायदा पंच्याऐंशी साली झाला, त्याला तेरा वर्षे झाली. त्यात बाबालोकांसाठी सवलतीचे कलम कोणते, तेवढे मला सांगा."

त्याने शेंगदाण्याची फोलपटे फुंकली. "आबा, तुमी वकील हाय का?"

"नागरिक आहे."

"मंग बसा की निवांत," तो म्हणाला आणि मूठभर दाणे माझ्यापुढे केले.

मी ते घेतले नाहीत. एवढ्यात प्रभाकर, म्हणजे मला पत्र लिहिणारे फिटर, तेलकट निळ्या गणवेशात धावत आले. "जय भीम, साहेब! उतरल्या उतरल्याच भांडण काढलं?"

"जय भीम. मला साहेब म्हणू नका."

"बरं, आबा म्हणतो. चला, चहा घ्या. त्या बाबालोकांना धरलं तर पोलिसांनी फुकटचा वास कुणाचा घ्यायचा?"

त्यांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली कायद्याच्या आणि धम्माच्या पुस्तकांची ओळ. त्यांच्या पत्नीने गरम पोहे दिले. सोलापुरात पोह्यांवर शेंगदाण्याचा मारा असतो. इथे ओले खोबरे आणि वर लिंबाची फोड. पोहे उत्तम होते. राग आलेला असताना अन्न चांगले लागू नये असा नियम असता, तर मी केव्हाच उपाशी मेलो असतो.

प्रभाकरांनी हकीकत सांगितली. केंदूरच्या पलीकडे एका वाडीवर विश्वनाथ यांची थोडी जिराईत जमीन आहे. (वाडीचे नाव देत नाही, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.) बाजरीच्या कडेने, बांधाच्या उतारावर, दर वर्षीप्रमाणे अंबाडी लावलेली. कोवळी असताना भाजी, जून झाली की वाळवून, भिजवून वाख म्हणजे धागा, आणि वाखाचे गुरांसाठी कासरे-दावी. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालले आहे. भाद्रपदात एक दिवस पोलिसांची गाडी आली आणि बांधाचा एक उतार मुळासकट उपटून पोत्यात भरून घेऊन गेली. सोबत विश्वनाथ यांनाही.

"बांधाचा एक उतार म्हणजे?" मी विचारले.

"ते तुम्ही तिथं गेल्यावर बघा," प्रभाकर म्हणाले. "मी सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटंल."

भांडगाव

विश्वनाथ यांच्या पत्नी शांताबाई त्या प्रकारानंतर भांडगावला माहेरी आल्या आहेत. सोलापूर रस्त्यावरचे हे गाव मी बसच्या खिडकीतून शेकडो वेळा पाहिले होते आणि एकदाही उतरलो नव्हतो. महामार्गाला लागून ढाबे, टायरची दुकाने. दोन शेते आत गेले की एकदम शांतता आणि उसाचे पाचट.

शांताबाई शेळीला पाला टाकत होत्या. मी कोण, हे प्रभाकरांनी सांगितल्यावर त्यांनी पदर सावरला, पाणी दिले आणि समोर उभ्या राहिल्या. बसा म्हटले तरी बसल्या नाहीत.

"मी सायबाला म्हनलं," त्यांनी सांगितले, "सायेब, भाजी हाय ती. आंबट लागती. एक पान तोंडात घाला, खोटं आसंल तर मला बी गाडीत घाला."

"मग?"

"म्हनले, बाई, मुद्देमाल खात नसत्यात."

मी ज्या खात्यात आयुष्य काढले त्याची भाषा इतक्या निर्लज्जपणे वापरलेली मी क्वचित ऐकली आहे. जगातली सर्वांत स्वस्त रासायनिक तपासणी, जीभ, प्रत्येक शिपायाच्या तोंडात सरकारने नव्हे, निसर्गाने फुकट बसवून दिली आहे. ती न वापरता नमुना प्रयोगशाळेकडे पाठवायचा, अहवाल महिनोन्‌महिने यायचा नाही, आणि तोवर माणूस आत.

"बी कुणाकडचे होते?" मी विचारले.

"शेजारच्या आप्पांच्या मालकिनीनं दिल्यालं. मूठभर बी, पदरात. त्याच आप्पांनी पंच म्हनून सही केली." त्यांनी उरलेला पाला शेळीपुढे सारला. "बाजरी कापायला आली आसंल. कोन कापनार? मी तिथं गेले तर मला बी नेत्याल, आसं वाटतं."

सोमवारी जामीन झाला नाही तर पुढची तारीख दिवाळीनंतरची, असे वकिलांनी त्यांना कळवले होते. त्यांनी मला काहीही मागितले नाही. निघताना फक्त म्हणाल्या, "त्यांना तिथं झोप लागत न्हाई म्हनं."

शिरूर

चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे शिरूरला पोचलो. घोड नदीच्या काठचे हे गाव. पलीकडे नगर जिल्हा. पुलावर उभे राहून मी त्या पलीकडच्या काठाकडे पाहिले आणि इतिहासाने मला अधिकच चिडवले. इंग्रजी अमदानीत याच नगर जिल्ह्यात सरकारी परवान्याने गांजाची शेते होती. शेतकरी नर झाडे वेचून उपटत, कारण बी धरले की मादीच्या फुलोऱ्यातला राळेसारखा चीक, जिथे सगळी नशा असते, कमी होतो. सरकार त्यावर कर घेई, दुकानांचे परवाने लिलावात काढी. माझ्या लहानपणी सोलापुरात गांजा-भांगेच्या सरकारमान्य दुकानाची पाटी मी स्वतः वाचली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने आयोग नेमला, देशभर साक्षी घेतल्या, आणि माफक सेवनाने फारसा अपाय होत नाही, सरसकट बंदी नको, असा निष्कर्ष निघाला. वैद्य भांगेला विजया म्हणत आणि अतिसारावर देत. मग जगाचे मत फिरले, आपणही आंतरराष्ट्रीय करारावर सही केली आणि कायदा आला. आता तेच जग पुन्हा फिरते आहे: अमेरिकेतल्या एका राज्याने मतदान घेऊन रोग्यांना ही वनस्पती मोकळी केली, कॅनडाने यंदा धाग्यासाठी तिची शेती परवान्याने सुरू केली. आणि आपण? आपण अंबाडी उपटतो.

मी गांजाचा कैवारी नाही. ज्याने घर धुळीला मिळवले असा गंजडी मी पाहिला आहे. पण कायदा कडक करायचा असेल, तर तो ज्याच्यावर चालवायचा ती वस्तू ओळखण्याची तरी लाज असावी!

विश्वनाथ यांचे वकील तरुण आणि सरळ होते. म्हणाले, "कलम सदतीस आडवं येतं. आरोपी निर्दोष असावा असं न्यायालयाला सकृद्दर्शनी वाटलं, तरच जामीन. नुसतं आपण म्हणून भागत नाही. दोन पंचांपैकी एकानं जरी प्रतिज्ञापत्रावर सांगितलं की ती अंबाडी होती, तर माझ्या हातात काहीतरी येईल. दुसरा पंच ठाण्यासमोरचा चहावाला. तालुक्यात कुठंही गुन्हा झाला की तो योगायोगानं तिथूनच जात असतो. त्याचा नाद सोडा. आप्पांना गाठा."

त्याआधी मी ठाण्यात गेलो. अंमलदार सभ्य होते, खुर्ची दिली. भिंतीवर एका मोठ्या हिरव्या पानाचे भित्तिचित्र होते, कातरलेल्या कडांची लांब बोटे पसरलेले.

"हे बघा," ते म्हणाले, "पान जुळवूनच कारवाई केली. पाच बोटं."

"पाच बोटे माझ्या हातालाही आहेत. मला पोत्यात भरणार का?"

"आबा, चेष्टा करू नका."

"चेष्टा तुम्ही केली आहे. अंबाडी ही भेंडीच्या आणि कापसाच्या कुळातली. तिचे पान भांगेसारखे दिसते हे शास्त्रज्ञांना इतके जुने ठाऊक आहे, की त्यांनी तिच्या लॅटिन नावातच तसा शब्द घातला. बुंध्याजवळचे पान मात्र अखंड असते. खोडाला बारीक काटे असतात. फूल पिवळे, आत जांभळा डोळा. भांगेला असे फूल सात जन्मांत येणार नाही. कायद्यात कॅनॅबिस या जातीचे झाड असे शब्द आहेत. पाच बोटांचे झाड असे नाहीत. तुम्ही फूल पाहिले नाही?"

"फुलं पंचनाम्यात न्हाईत," ते म्हणाले. मग जरा खालच्या आवाजात, "आन् आबा, एवढं सगळं सगळ्यांना दिसत होतं, तर पंचांनी सही का केली?"

या प्रश्नाचे उत्तर आप्पांकडूनच घ्यायला हवे होते. म्हणून मी वाडीवर निघालो.

वाडी

शिक्रापूरपर्यंत एसटी, पुढे वडापची जीप. जीपमध्ये वढू बुद्रुकला समाधीच्या दर्शनाला जाणारी माणसे होती. ती वाटेत उतरली आणि मी एकटा पुढे. डाव्या हाताला बाजरीची सोनेरी कणसे, उजवीकडे माळ.

आप्पा ओसरीवर बसले होते: फेटा, पांढऱ्या मिशा, आणि गावचा मान ज्याच्याकडे चालत येतो अशा माणसाचा ऐसपैसपणा. मी नाव सांगितले, काम सांगितले. वाटले, दार लावतील. ते उठले आणि म्हणाले, "चला, आधी रान बघू. जेवन तवर हुतंय."

आणि मी तो बांध पाहिला.

अलीकडचा, विश्वनाथ यांच्या बाजूचा उतार उघडा होता. माती उकरलेली, जागोजागी खड्डे, वर हरळीची नवी पाने. पलीकडचा, आप्पांचा उतार माणसाच्या डोक्याइतक्या उंच अंबाडीने भरला होता. पिवळी फुले, आत जांभळा डोळा, वाऱ्यावर पाच-पाच बोटे हलवीत. मध्ये बांधाची पाऊलवाट. पोलीस त्या पाऊलवाटेवर उभे राहून एका बाजूला वाकले असतील आणि दुसऱ्या बाजूला त्यांची पाठ असेल.

"आप्पा, ही काय आहे?"

"आंबाडी."

"आणि ती काय होती?"

"ती बी आंबाडीच. एकाच बियाची."

"मग तुम्ही गांजा म्हणून सही केलीत?"

आप्पांना माझ्या प्रश्नाचे खरोखरच नवल वाटले. "मी कुठं गांजा म्हनलो? मी सही क्येली. त्यात काय लिवलंय त्ये सायबाचं काम."

"वाचले नाहीत?"

"आता बगा आबा. हिरीत कुनी बुडू द्या, कुनाची मोटर चोरीला जाऊ द्या, सायेब आला की पयला माझ्या वसरीवर येतो. चा घेतो. आप्पा, सही. आवो, मानानं बोलावत्यात. मंग त्यांच्याम्होरं चष्मा लावून वाचत बसायचं? म्हंजी तुमच्यावर इस्वास न्हाई, आसंच झालं की. बरं दिसतं का त्ये?"

मी कायद्याच्या सेवेत हयात घालवली. खोटी साक्ष, फितूर साक्षीदार, लाच, सगळे पाहिले. शिष्टाचारापायी माणूस तुरुंगात गेल्याचे प्रथमच पाहत होतो. पाहुण्याने ताटातले वाढप निरखू नये, तसा पंचाने पंचनामा निरखू नये! मी भर उन्हात, त्या बांधावर उभा राहून, त्यांना जे बोललो ते इथे लिहिण्याजोगे नाही. आप्पा शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "चला, भाकरी गार व्हईल."

ताटात बाजरीची भाकरी, लसणाचा ठेचा, कांदा, आणि हिरवीगार, लसणाच्या फोडणीची, तांदळाच्या कण्या घालून घोटलेली आंबट भाजी. मी पहिला घास उचलला आणि हात तसाच थांबला.

"वहिनी, भाजी कसली?"

"आंबाडीची हाय," आप्पांच्या पत्नी भागाबाई म्हणाल्या. "शेंड्याची कवळी पानं. का? आवडत न्हाई?"

"कुठून आणलीत?"

"बांदावरनं की."

"म्हणजे आप्पांनी जिला सही करून गांजा ठरवले, तीच तुम्ही मला वाढली आहे. पाहुण्याला अमली पदार्थ खाऊ घातलात. आप्पा, बोलवा साहेबांना. मी पंच राहतो."

आप्पा खदखदून हसले. भागाबाई हसल्या नाहीत. त्यांनी भाजीचे पातेले खाली ठेवले.

"काय म्हनलं तुमी? गांजा? ह्यांनी?" त्या नवऱ्याकडे वळल्या. "मला सांगितलं, दारूचं कायतरी हाय म्हनून न्येलंय, बाटल्या हुडकताना झाडं उपटली."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला भाजी कळती! त्या शांतीच्या पदरात बी म्या घातलं. मंग मला बी न्या की धरून. पंच म्हनं! लग्नात फेटा बांदून म्होरं बसायचं, आन् हितं खरं बोलायला जीब जड?"

आप्पा भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, "उद्या येतो शिरूरला. लिवा काय लिवायचं त्ये."

भाजी मी संपवली. अंबाडीची एवढी चांगली भाजी मी सोलापुरात खाल्लेली नाही. आम्ही तिच्यात डाळ घालतो आणि चव मारतो.

पुन्हा शिरूर

आप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या जीपमधून आले. इस्त्रीचे धोतर, अत्तराचा वास. न्यायालयाच्या फाटकावरच्या शिपायाने सलाम ठोकला: "काय आप्पा, आज कुनाचं?"

प्रतिज्ञापत्राचा मसुदा मी रात्री शिरूरच्या लॉजवर केला होता आणि वकिलांनी तो टंकलिखित करून आणला. त्यात मी एक वाक्य मुद्दाम घातले होते: सदर बांधाच्या माझ्या बाजूस त्याच बियाण्याची तीच झाडे आजही उभी असून ती अंबाडीची आहेत. या वाक्याशिवाय त्या कागदाला किंमत नव्हती. या वाक्याने न्यायालय हवे तर कुणालाही पाठवून खात्री करून घेऊ शकत होते.

नोटरीपुढे आप्पा बसले, पेन मागितले, आणि कागद उलटून थेट खाली सही केली. चष्मा खिशातून काढलासुद्धा नाही.

"आप्पा! वाचले नाहीत?"

"तुमी लिवलंय न्हवं? तुमी बी सायेबच. तुमच्यावर काय शंका घ्यायची?"

नोटरीने शिक्का उचलला होता. वकील मला डोळ्याने खुणावत होते: असू द्या, सही झाली. विश्वनाथ यांना सोडवणारा कागद समोर होता, आणि तो तसाच मिळाला होता जसा त्यांना अडकवणारा मिळाला. मी नोटरीचा हात धरला. म्हणालो, "थांबा. हा कागद मी मोठ्याने वाचणार. त्यानंतर आप्पांना वाटले तर पुन्हा सही करतील."

वकिलांनी कपाळाला हात लावला. मी वाचू लागलो. बांध, बी, पोलीस, सही. ते वाक्य आले. मी ते सावकाश वाचले आणि आप्पांकडे पाहिले. आता भीती उमटेल, वाक्य काढा म्हणतील, उठून जातील, अशी माझी तयारी होती. मी म्हणालोही, "आप्पा, हे नीट समजून घ्या. या वाक्याने तुम्ही स्वतः सांगत आहात, की तीच झाडे तुमच्याही रानात आहेत. उद्या पोलिसांना ती गांजाच वाटली तर?"

आप्पांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, लहान मुलाकडे पाहावे तसे. मग मिशीतल्या मिशीत हसले.

"ऱ्हाऊ द्या त्ये. माझ्या बांदावर कोन येतंय?"

आणि त्यांनी दुसऱ्यांदा सही केली.

भांडगाव, परतताना

सोमवारी जामीन झाला. खटला उभा आहे; प्रयोगशाळेचा अहवाल अद्याप आलेला नाही; अंबाडीचे ते पोते ठाण्याच्या कोठारात सीलबंद पडून आहे. ज्याने पान पाहिले आणि फूल पाहिले नाही, त्याच्याविरुद्ध मी तीन ठिकाणी तक्रारी धाडल्या आहेत. एकीचेही उत्तर नाही.

सोलापूरला परतताना भांडगावी उतरलो. विश्वनाथ अंगणात बसले होते. रोड, गप्प, दाढी वाढलेली. शांताबाईंनी चहा आणून ठेवला. भाऊबंदांनी बाजरी कापून ठेवली आहे, अर्धी चिमण्यांनी खाल्ली, असे त्यांनी सांगितले.

"आप्पांनी खरं सांगितलं म्हनं," विश्वनाथ म्हणाले.

"सांगितले."

"त्यांच्या बाजूची झाडं बी लिवली?"

"लिहिली. मी त्यांना बजावले होते, की यात तुम्हालाही धोका आहे. ते भ्याले नाहीत."

विश्वनाथ यांनी मान हलवली, जणू एखादा हिशेब जुळला.

"न्हाई भ्यायचे," ते म्हणाले, आणि चहाची कपबशी माझ्यापुढे सरकवली.